टायर किती चालेल? ए.टी. टायरची निवड आणि वॉरंटीचा आकडा

टायरच्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "हा किती चालेल?" दुकानदार एकदा गाडीकडे बघतो, एकदा गिऱ्हाइकाकडे बघतो आणि "पन्नास-साठ हजार कुठे गेले नाहीत" म्हणून मोकळा होतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या छोट्या गाडीसाठी एवढं उत्तर चालून जातं. थार, स्कॉर्पिओ, जिम्नी किंवा फॉर्च्युनरला ऑल-टेरेन, म्हणजे दुकानाच्या भाषेत ए.टी., टायर घालायला आलेल्या माणसाला मात्र ते पुरत नाही. हे टायर महाग, घ्यायचे चार, स्टेपनी धरली तर पाच. आणि त्याच कंपनीचा तोच टायर एका गाडीवर सत्तर हजार किलोमीटर पार करू शकतो, तर दुसरीवर पस्तीस हजारांतच गुळगुळीत होऊ शकतो.

त्यात अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा मेहुणा फोनवर सांगतो, "आमच्याकडे ए.टी. टायरला पासष्ट हजार मैलांची वॉरंटी मिळते." पासष्ट हजार मैल म्हणजे जवळजवळ १ लाख ५ हजार किलोमीटर. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला इथे फसवलं जातंय. तसं नाही. पण तो आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळल्याशिवाय टायरची निवड नीट होत नाही. म्हणून आधी टायर बघू, मग आकडा.

चारचाकी एसयूव्हीचे टायर ढोबळपणे तीन जातींचे. डांबरी रस्त्यासाठी एच.टी., म्हणजे हायवे टेरेन. चिखल आणि दगडधोंड्यांसाठी एम.टी., म्हणजे मड टेरेन. या दोन्हींच्या मधला तो ए.टी. ही मधली जात लोकप्रिय केली ती बीएफगुडरिच या अमेरिकन कंपनीने १९७६ साली आणलेल्या 'ऑल-टेरेन टी/ए' या रेडियल टायरने. आज आपल्याकडे सिएट, अपोलो, एमआरएफ, जेके, योकोहामा अशा बहुतेक कंपन्यांचे ए.टी. टायर मिळतात. नव्या एच.टी. टायरच्या चरांची खोली साधारण आठ-नऊ मिलिमीटर असते, ए.टी.ची दहा ते तेरा, एम.टी.ची त्याहून जास्त. ए.टी.च्या नक्षीतले ठोकळे मोठे, त्यांच्यामधले चर रुंद, खांद्यावरचे ठोकळे बाजूच्या भिंतीपर्यंत उतरलेले. चरांच्या तळाशी नीट पाहिलंत तर छोटे छोटे उंचवटे दिसतील. खडा चरात रुतून बसू नये, बाहेर फेकला जावा, म्हणून ते ठेवलेले असतात.

चर खोल म्हणजे आयुष्य जास्त, असा हिशेब पटकन मनात येतो आणि तिथेच पहिली चूक होते. ठोकळा जितका उंच तितका तो वळणावर आणि ब्रेकखाली जास्त डुलतो. डुलला की रस्त्यावर घासतो आणि आतून तापतो. म्हणून नवा ए.टी. टायर पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये भराभर झिजतो, आणि ठोकळे थोडे बुटके झाले की झिजण्याचा वेग कमी होतो. डांबरावर ताशी शंभरच्या वेगाने सतत धावणाऱ्या गाडीवर बारा मिलिमीटरचा ए.टी. नऊ मिलिमीटरच्या चांगल्या एच.टी.पेक्षा लवकर संपला तर त्यात नवल नाही. रबराचंही तसंच. ए.टी.चं रबर खडीवर टवके उडू नयेत म्हणून चिवट केलेलं असतं. असं रबर घासाला टिकतं, पण ओल्या डांबरावर त्याची पकड अनेकदा मऊ रबरापेक्षा कमी पडते आणि ब्रेकचं अंतर वाढतं. आपल्याकडे चार महिने पाऊस. ही बाब किमतीइतकीच गांभीर्याने घ्यावी असं मला वाटतं.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: वर्षभरातल्या दर शंभर किलोमीटरपैकी आपली गाडी डांबर-काँक्रीट सोडून किती चालते? शेतावर जायचा दोन किलोमीटरचा कच्चा रस्ता आणि पावसाळ्यात एखादी सहल, एवढंच असेल तर एच.टी. पुरे, किंवा फार तर सौम्य नक्षीचा ए.टी. रोजचा रस्ताच मुरुमाचा, खाणीचा, वाडी-वस्तीचा असेल तर ए.टी.शिवाय इलाज नाही. तिथे एच.टी.ला महिन्याला पंक्चर ठरलेलं.

महाराष्ट्रातही जमीन सगळीकडे एक नाही. घाटमाथ्यावर आणि देशावरच्या कच्च्या रस्त्यांवर बेसॉल्टची खडी असते. तिच्या कडा धारदार, आणि ती नक्षीपेक्षा टायरच्या बाजूच्या भिंतीला जास्त कापते. तिथे भिंत किती मजबूत आहे हे आधी बघावं, चरांची खोली नंतर. कोकणातला जांभा टायरला त्या मानाने बरा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती भिजली की ए.टी.चे चर दोन फेऱ्यांत भरून जातात आणि टायर वहाणेच्या तळव्यासारखा सपाट होतो. त्या चिखलात एम.टी. थोडी साथ देतो. ए.टी. लावला म्हणून ओल्या काळ्या रानात गाडी घालायचं धाडस करू नये.

मग टायरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचावं. थारच्या वरच्या मॉडेलचं माप २५५/६५ आर १८. टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम अठरा इंची. मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, समजा '११२ एस'. ११२ म्हणजे हा टायर ११२० किलो भार पेलतो, आणि 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालतो. हे दोन्ही गाडीच्या कंपनीने ठरवलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. मापाआधी 'एल.टी.' लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकसाठी बांधलेला टायर. त्याची भिंत जाड, वजन जास्त, हवाही जास्त लागते. बेसॉल्टवर तो खरोखर टिकतो, पण रोजच्या रस्त्यावर गाडी दणके देते आणि डिझेल जास्त खाते. ज्यांची गाडी खाणीत किंवा जंगलखात्याच्या रस्त्यांवर चालते त्यांनी तो घ्यावा, इतरांनी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण आहे का, तेही पाहून घ्यावं.

'डी.ओ.टी.' या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या दोनपैकी एकाच बाजूला हे चार आकडे पूर्ण असतात, त्यामुळे रिमवर चढवण्याआधीच बघावेत. दोन-तीन वर्षं गोदामात पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी मी घेणार नाही. रबर न चालताही म्हातारं होतं.

काही टायरवर 'ट्रेडवेअर ५००' किंवा '६००' असंही लिहिलेलं असतं. हा आकडा अमेरिकेतून आलाय. १९६६ सालच्या तिथल्या वाहनसुरक्षा कायद्याने गिऱ्हाइकाला टायरांची तुलना करता यावी म्हणून एकसारखी श्रेणी ठरवायला सांगितलं, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती अमलात आली. तिची चाचणी टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाच्या आसपास होते. चारशे मैलांचा ठरलेला रस्ता, त्यावर गाड्यांचा ताफा. एका गाडीला तुलनेसाठी ठेवलेले प्रमाण-टायर, बाकीच्यांना तपासायचे टायर. आधी आठशे मैल नुसतं रुळवणं, मग ६४०० मैलांची दौड, आणि दर आठशे मैलांनी चरांची खोली मोजायची. शेवटी प्रमाण-टायरच्या तुलनेत हा किती झिजला त्यावरून अंक निघतो. १०० म्हणजे ठरलेली पायाभूत पातळी, ४०० म्हणजे त्या पातळीच्या चौपट आयुष्याचा अंदाज.

अंदाज हा शब्द इथे महत्त्वाचा. सात हजार मैल चालवून पुढच्या चाळीस-पन्नास हजारांचा हिशेब मांडलेला असतो. तोही सपाट, कोरड्या मुलखात. अंक टायर कंपनी स्वतःच देते, सरकार फक्त पडताळणी करू शकतं. ठरवलं तर कंपनी निघाला त्यापेक्षा कमी अंकही छापू शकते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला हा अंक चांगला, दोन कंपन्यांच्या तुलनेला जेमतेम, आणि त्याचे किलोमीटर करायला अजिबात उपयोगाचा नाही. 'ट्रेडवेअर ५०० म्हणजे पन्नास हजार किलोमीटर' असं कोणी सांगितलं तर मानू नये. आणखी एक गोष्ट ए.टी. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ही श्रेणी फक्त प्रवासी गाड्यांच्या टायरना लागू आहे. 'एल.टी.' टायरवर आणि खोल नक्षीच्या टायरवर हा अंक नसतो, आणि नसला म्हणून टायर हलका ठरत नाही.

आता वॉरंटी. अमेरिकेतली मैलांची वॉरंटी ही कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातला पैशांचा करार आहे. समजा टायरला ६५ हजार मैलांची वॉरंटी आहे आणि तो ४५ हजार मैलांतच झिजणीच्या खुणेपर्यंत आला. राहिले वीस हजार. वीस भागिले पासष्ट म्हणजे साधारण ३१ टक्के. त्या दिवशी त्याच टायरची किंमत दोनशे डॉलर असेल, तर साडेएकसष्ट डॉलरच्या आसपास सूट मिळते. तीही रोख नाही, त्याच कंपनीचा नवा टायर घेताना. उरलेले पैसे, टायर चढवण्याची मजुरी, बॅलन्सिंग आणि कर गिऱ्हाइकाने भरायचे.

आणि ही सूट मिळायला अटी पाळाव्या लागतात. टायर त्याच मालकाकडे आणि त्याच गाडीवर असावेत. दर सहा ते आठ हजार मैलांनी चाकांची अदलाबदल केल्याच्या पावत्या, त्यावर ओडोमीटरचा आकडा, हे सगळं जपून ठेवलेलं असावं. झीज सगळीकडे सारखी असावी. एक बाजू जास्त खाल्लेली निघाली की दोष गाडीच्या अलाइनमेंटचा धरतात आणि दावा संपतो. व्यावसायिक वापर सहसा चालत नाही. नव्या गाडीबरोबर आलेल्या टायरना ही मैलांची वॉरंटी बहुतेक वेळा नसतेच. शिवाय वर्षांची मर्यादा असते, बहुधा पाच-सहा वर्षांची. वर्षाला सहा हजार मैल चालवणाऱ्याचे सहा वर्षांत छत्तीस हजारच होतात. त्याच्यासाठी पन्नास हजार आणि पासष्ट हजार मैलांच्या वॉरंटीत फारसा फरक नाही. त्याने रबर, भिंत आणि पावसातली पकड बघून टायर घ्यावा.

एकाच नावाच्या टायरलाही दोन वॉरंट्या असू शकतात. टोयोच्या ओपन कंट्री ए.टी. थ्रीला प्रवासी मापात ६५ हजार मैल आणि एल.टी. मापात ५० हजार मैल अशी विभागणी आहे. एल.टी. टायर जास्त मजबूत असूनही त्याचा आकडा कमी, कारण तो जड गाडीखाली, जड कामाला जाणार हे कंपनीला माहीत असतं. मोठा आकडा म्हणजे दणकट टायर, हा समज इथे मोडतो.

आपल्याकडची वॉरंटी मुळात वेगळी आहे. जाहिरातीत लाख किलोमीटरचा आकडा दिसला तरी वॉरंटीच्या कागदावर बहुतेक वेळा उत्पादनातल्या दोषाबद्दलच लिहिलेलं असतं. ठरावीक वर्षं किंवा झिजणीची खूण उघडी पडेपर्यंत, जे आधी होईल ते. दोष निघाला तर भरपाई वापराच्या प्रमाणात कापून मिळते, आणि कंपनीचा माणूस गेज लावून उरलेली खोली मोजतो. समजा नव्या टायरची खोली १० मिलिमीटर होती. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत वापरायची मुभा, म्हणजे कामाची खोली ८.४. दोष दिसला तेव्हा ५.८ उरले होते. वापरले ४.२, बरोबर निम्मे. बारा हजारांच्या टायरला तुम्ही सहा हजार भरायचे. हिशेबाची रीत कंपनीगणिक थोडी बदलते, गाभा हाच.

सगळ्यात जास्त वाद होतात ते भिंतीवर आलेल्या फुग्यावरून. गिऱ्हाईक म्हणतं टायर खराब निघाला, कंपनी म्हणते खड्ड्यात आपटला. खरं काय ते टायर रिमवरून काढून आतून बघितलं की बहुधा कळतं. खड्ड्याच्या कडेवर टायर आदळतो तेव्हा भिंत रिम आणि दगड यांच्यात चेमटते, आतले दोरे तुटतात, आणि आतल्या अस्तरावर चेमटल्याचा व्रण उमटतो, कधी एक, कधी समोरासमोर दोन. असा व्रण दिसला की तो रस्त्याचा मार ठरतो आणि साधी वॉरंटी लागू होत नाही. आपल्या रस्त्यांवर हाच मार सर्वाधिक बसतो. म्हणून काही कंपन्या ठरावीक टायरांवर काप-फुग्यासाठी वेगळं संरक्षण देतात, ते आहे का आणि किती महिने आहे हे घेण्यापूर्वी विचारावं. ए.टी. घेणाऱ्याला लाख किलोमीटरच्या जाहिरातीपेक्षा हे संरक्षण कितीतरी जास्त उपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरचं खरं आयुष्य ठरतं ते हवा, अलाइनमेंट आणि चालवणं यांवर. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. गाडी निदान तीन तास उभी असताना, टायर थंड असताना मोजावी. हवा कमी असली की दोन्ही खांदे झिजतात, जास्त असली की मधला पट्टा. एकच कड खाल्लेली दिसली तर अलाइनमेंट बघा. हाताने तपासायची एक सोपी रीत आहे. तळवा नक्षीवरून आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत, फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचलं तर चाकांचा 'टो' बिघडलाय. डोळ्यांना ही झीज दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला कळते.

कच्च्या रस्त्यावर किंवा वाळूत हवा उतरवणारे पुष्कळ आहेत. पकड वाढते, ते बरोबरच आहे. पण डांबरावर चढण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर भिंतीतून तापतो आणि फुटू शकतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. तिथे परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे. तसंच थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून ठेवू नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळताना टायर फरपटतात आणि विनाकारण झिजतात.

चाकांची अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरला करावी, स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही फेरीत घ्यावी. फोर-बाय-फोरला चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन जुने लावले तर त्यांच्या घेरात फरक पडतो आणि तो भार ट्रान्सफर केसवर येतो.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे टायर किती चालेल, ते तुम्हाला स्वतःच काढता येतं. खोली मोजायचं साधं गेज थोडक्या पैशांत मिळतं. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरायचा. समजा नवा टायर ११ मिलिमीटर होता आणि दहा हजार किलोमीटरनंतर ९.८ भरला. दहा हजारांत १.२ मिलिमीटर गेले. १.६ पर्यंत जायला ९.४ मिलिमीटर आहेत, म्हणजे साधारण ७८ हजार किलोमीटर. पण तीन मिलिमीटरखाली पावसातली पकड झपाट्याने घसरते, चरांतून पाणी निघत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. म्हणून मी तीनपर्यंतच मोजतो: ८ मिलिमीटर, म्हणजे ६६ हजारांच्या आसपास. दर अदलाबदलीच्या वेळी पुन्हा मोजलं की आकडा आणखी पक्का होतो. चरांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, भिंतीवर त्यांच्या समोर छोटा त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरं असतात. ठोकळे त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला, मग वॉरंटीत काहीही लिहिलेलं असो.

टायर घ्याल त्या दिवशी बिलावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर, उत्पादनाचा आठवडा आणि ओडोमीटरचा आकडा लिहून घ्या. वॉरंटी-कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा. पुढे अलाइनमेंट आणि अदलाबदलीच्या पावत्या त्याच पाकिटात टाकत जा. दावा करायची वेळ आली तर हेच कागद मागितले जातात, आणि ते नसले तर चांगला दावाही तिथेच थांबतो.